परदेशवारीचा हप्ता

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, माझ्या पगारात सिंहगड होतो, सिंगापूर नाही होत." तेव्हा तुझ्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, म्हणून मी हसून विषय बदलला. आता निवांत सांगते, ऐक.

सिंगापूर नसेल होत, मान्य. ते महागच आहे आणि पहिल्या खेपेला तिथे जायची गरजही नाही. पण तीस-पस्तीस हजार हातात येणाऱ्या कितीतरी बायका माझ्या ओळखीत आहेत. कुणी पतपेढीत कॅशियर आहे, कुणी दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, कुणी खासगी शाळेत शिकवते. त्यांतल्या काही नेपाळ, भूतान बघून आल्या, काही तर व्हिएतनामपर्यंत पोचल्या. कुणाला लॉटरी लागली नव्हती की कुणाचा नवरा लाखात कमावत नव्हता. एक गोष्ट मात्र सगळ्यांची सारखी होती. घरभाडं कसं पहिल्या आठवड्यात निघून जातं, तसेच त्यांचे ट्रिपचे पैसे निघून जायचे. महिनाअखेरीला काय उरतंय याची वाट त्या बघत बसल्या नाहीत. महिनाअखेरीला कुणाकडे काय उरतं, ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

त्याआधी एक अट आहे. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला पडलेला हवा आणि घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा उतरवलेला हवा. हे दोन्ही नसेल तर यंदा परदेशाचं नाव काढू नकोस. वर्षभर तेच कर आणि तोवर हंपी बघून ये. एका ऍडमिटमध्ये ट्रिपचे सगळे पैसे जातात आणि वर बायको फिरायला पैसे साठवत होती हे ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच.

अट पूर्ण असेल तर बँकेत जाऊन आरडी उघड. पोस्टाची नको, ती पाच वर्षांची असते. तोवर तुझा मुलगा दहावीला जाईल आणि मग कसली ट्रिप! बँकेची आरडी सहा महिन्यांपासून पुढे हव्या त्या मुदतीची मिळते. अठरा महिन्यांची घे. महिना चार हजार. पगार एक तारखेला होत असेल तर तीन तारखेला कापली जाईल अशी तारीख दे. आणि शक्य असेल तर ज्या खात्यावर तुझं यूपीआय जोडलेलं आहे त्या खात्यात मुदतीनंतरचे पैसे येऊ देऊ नकोस. दुसरं एखादं जुनं खातं पडलेलं असेलच, पहिल्या नोकरीच्या वेळचं. त्याला ना फोनवर ऍप, ना पाकिटात कार्ड. जिथे हात सहज पोचत नाही तिथलेच पैसे टिकतात, हे आपल्या आईच्या डाळीच्या डब्यानं आपल्याला शिकवलंय.

चार हजारांचे अठरा हप्ते म्हणजे ७२ हजार. व्याज थोडंफार येईल, ते हिशेबात धरूच नकोस. कुणीतरी म्हणेल, एवढे पैसे म्युच्युअल फंडात टाक, दुप्पट होतील. दीड वर्षात लागणारे पैसे शेअर बाजारात घालायचे नसतात गं. तिकीट काढायच्या महिन्यात बाजार पडला तर तू काय करणार, ट्रिप पुढे ढकलणार? आरडीत कंटाळवाणं व्याज मिळतं आणि तेच इथे योग्य आहे.

भिशीचं विचारलं होतंस. तुमच्या सोसायटीतली भिशी बाराजणींची, महिना तीन हजारांची, म्हणजे नंबर लागेल तिला ३६ हजार एकरकमी. व्याज शून्य. पण भिशीला व्याज नसलं तरी धाक असतो. पैसे द्यायला उशीर झाला तर वरच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये गाठतात. ज्यांच्या हातून बचत होतच नाही त्यांना हा धाक मोलाचा. तू भिशी लावणार असशील तर नंबर शेवटचा मागून घे. ज्यांना गरज आहे त्या पहिल्या नंबरासाठी भांडतात, त्यांना घेऊ दे. सुरुवातीला हातात आलेले ३६ हजार फ्रिजमध्ये जातात, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात. मात्र शेवटचा नंबर म्हणजे सगळा भरवसा त्या बाराजणींवर, कारण अशा घरगुती भिशीची कुठे नोंद नसते. म्हणून ओळखीच्या, जुन्या भिशीतच पड. नवीन कुणी 'ऑनलाइन भिशी'चा ग्रुप काढला असेल तर त्यातून गुपचूप बाहेर निघ.

आता खरा प्रश्न. हे चार हजार आणायचे कुठून?

कॉफी बंद कर असं मी सांगणार नाही. पैशांचे सल्ले देणारे सगळे त्या बिचाऱ्या कॉफीच्या मागे लागलेले असतात. तू महिन्यातून एकदा मैत्रिणीबरोबर दोनशे रुपयांची कॉफी पितेस, ती पी. तुझे पैसे जातात ते दुसऱ्यांना दाखवण्यात. रागावू नकोस, मी जवळची म्हणून बोलतेय. गेल्या लग्नसराईत चुलतनणंदेच्या लग्नाचा ड्रेसकोड व्हॉट्सऍपवर आला. मेंदीला हिरवं, हळदीला पिवळं, लग्नाला नऊवारी आणि रिसेप्शनला पेस्टल. तू चारही घेतलंस. त्यावर ब्लाउजची शिलाई, फॉल-पिको, मॅचिंग दागिने, पार्लर. शिवाय आहेर. आणि फोटोत बघ, तू दुसऱ्या रांगेत उभी आहेस, फक्त मान दिसतेय! पिवळी साडी वहिनीकडे होती, नऊवारी आईची होती. घरातल्या घरात साड्या फिरवणं यात काही कमीपणा नाही. आपल्या आज्यांच्या पिढीत शालूसुद्धा असा घरोघर फिरायचा. एका लग्नात वाचलेले पैसे म्हणजे आरडीचे तीन-चार हप्ते, हे मी अंदाजानं सांगत नाही, त्या साड्यांची बिलं तूच मला दाखवली होतीस.

दुसरी जागा म्हणजे फोनचा हप्ता. तो येत्या काही महिन्यांत संपेल ना? संपला की लगेच नवा फोन घ्यायचा नाही. ज्या तारखेला फोनचा हप्ता जात होता त्याच तारखेला तेवढीच रक्कम आरडीत वळव. त्या पैशांशिवाय महिना काढायची घराला सवय झालेलीच असते, तिचा फायदा घे. नव्या हप्त्याचा विचार त्यानंतर. आणि दिवाळीचा बोनस, महागाई भत्त्याचा फरक, आयकराचा परतावा असं काही मधूनच आलं तर अर्धं घराचं आणि अर्धं ट्रिपचं, असा करार नवऱ्याबरोबर आत्ताच कर. पैसे आल्यावर केलेले करार टिकत नाहीत.

बाहेरचं जेवण मागवणं कमी कर वगैरे मी सांगत बसत नाही. ते तुला कळतं. दमून घरी आल्यावर पोळ्या लाटायला नको वाटतं हेही मला कळतं. महिन्यात एक रविवार कमी केलास तरी चालेल.

उधारीवर मात्र जाऊ नकोस. आज फिरा, उद्या भरा म्हणणाऱ्या जाहिराती फोनवर सारख्या येतात. 'नो कॉस्ट' हप्त्यावर प्रोसेसिंग फी असते आणि त्या फीवर जीएसटी असतो. क्रेडिट कार्डाचं बिल थकलं तर व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे. फोटो चार दिवसांत जुने होतात आणि हप्ता दोन वर्षं चालतो.

देश कसा निवडायचा, यात बहुतेकींची चूक होते असं माझं स्पष्ट मत आहे. आधी मनात पॅरिस धरतात, मग पैसे मोजतात, आणि मग दहा वर्षं काहीच होत नाही. तू उलटं कर. आधी ठरव की दीड वर्षानं माझ्या हातात सत्तर हजार असतील किंवा तीसच असतील, आणि मग त्यात काय बसतं ते बघ.

तीस हजारांत नेपाळ बसतं, आणि छान बसतं. विमानानं जायची सक्ती थोडीच आहे? मुंबईहून गोरखपूरला थेट गाड्या आहेत. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कुशीनगर एक्स्प्रेस सुटते, थ्री एसीचं तिकीट काढ. गोरखपूरहून बसनं सोनौलीची सीमा, पलीकडे गेल्यावर लुंबिनी अगदी जवळ, तिथून पोखरा, मग काठमांडू. व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. नुसत्या आधारवर विसंबू नकोस, विशेषतः येताना विमानानं येणार असशील तर. आपल्या एका रुपयाला त्यांचे १.६० रुपये हा दर १९९३पासून ठरलेलाच आहे, त्यामुळे डॉलर चढला-उतरला याची धास्ती नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा, आकाश स्वच्छ असतं आणि पोखऱ्यातून अन्नपूर्णेची शिखरं दिसतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नको, तिथेही आपल्यासारखाच पाऊस असतो आणि डोंगरातले रस्ते दरडींनी बंद पडतात.

आणि हळूच सांगते, नेपाळ ही सासूबाईंना घेऊन जायची जागा आहे. पशुपतिनाथ म्हटलं की त्यांचा विरोध निम्मा मावळेल, आणि मनकामनेच्या देवळापर्यंत तर रोपवे आहे, गुडघ्यांना त्रास नाही. त्यांनी स्वतःच्या मुदतठेवीतून स्वतःचे पैसे काढले तर नको म्हणू नकोस. बायकांच्या नावावरच्या ठेवी त्या बायकांनीच कधीतरी वापराव्यात.

भूतानलाही व्हिसा नाही, पण तिथे रोजची फी आहे. २०२२च्या सप्टेंबरपासून भारतीय पर्यटकाला दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. पाच रात्रींचे सहा हजार केवळ तिथे असण्याचे, हे हॉटेल आणि गाडीच्या वेगळे. चौघांचं कुटुंब गेलं की आकडा डोळ्यांत भरतो. सहा वर्षांखालच्या मुलांना मात्र माफ आहे आणि बारापर्यंतच्यांना अर्धं. देश सुंदर आहे, गर्दी नाही, आणि गर्दी नसण्याचं कारणच ही फी आहे. रेल्वेनं न्यू जलपायगुडी किंवा हासीमारापर्यंत जाऊन जयगावहून फुंत्शोलिंगमध्ये शिरता येतं. आपले रुपये तिथे चालतात.

आता तुझ्या मनातलं व्हिएतनाम. त्याचा हिशेब मी जरा सविस्तर मांडते, कारण सत्तर हजारांत आग्नेय आशियातला एक मोठा देश नीट बघता येतो हे तुला पटत नव्हतं. ई-व्हिसा २५ डॉलरचा, तो सरकारी संकेतस्थळावर स्वतः भरायचा. शोधताना त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या खासगी साइट वर येतात आणि दुप्पट-तिप्पट उकळतात, पत्ता नीट बघ. विमानाचे जाऊन-येऊन सामानासकट २८ हजार धर. कधी यापेक्षा कमीत मिळेल, पण हिशेब जास्तीचाच मांडावा. दोघींत एक खोली घेतली तर माणशी हजार-बाराशेत स्वच्छ हॉटेल मिळतं, सात रात्रींचे साडेआठ हजार. खाण्याचे रोज नऊशे. देशातल्या देशात रात्रीची रेल्वे, स्लीपर बस आणि शहरात ग्रॅबची गाडी, असे सारे मिळून साडेसात हजार. हालाँगच्या खाडीतली एक दिवसाची बोट आणि बाकीची तिकिटं सहा हजार. विमा, सिमकार्ड, घरच्यांसाठी वस्तू, सगळं मिळून चार-साडेचार हजार. बेरीज चौसष्ट हजारांच्या आसपास येते. वर सहा हजार राखीव, ते खर्च करायचे नाहीत, फक्त जवळ ठेवायचे. झाले सत्तर. तुझ्या आरडीतून दोन हजार उरले.

तिथे एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग मिळतात, त्यामुळे पहिले दोन दिवस आपण लखपती असल्यासारखं वाटतं आणि शून्यं मोजताना गडबड होते. नोट देताना घाई करू नकोस. वीस हजाराची आणि पाच लाखाची नोट दोन्ही निळसर असतात. तू शाकाहारी, म्हणून सांगते, 'चाय' अशी पाटी दिसली की आत जा, ते शाकाहारी खाणावळीचं चिन्ह. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्या दिवशी गाड्यांवरसुद्धा खूप काही मिळतं. इतर ठिकाणी नुसत्या भाजीतही माशाचा सॉस असतो हे ध्यानात ठेव.

दा नांगच्या जवळ मी सन नावाची शिवमंदिरं आहेत, चंपा राजांनी बांधलेली. तिथे आपल्या पुरातत्त्व विभागाचे लोक जीर्णोद्धाराचं काम करत होते, त्यांना २०२०मध्ये वालुकाश्माचं अखंड शिवलिंग सापडलं. हे घरी सांगून ठेव. 'एवढ्या लांब काय बघायला जाताय?' या प्रश्नाला उत्तर तयार असलेलं बरं.

फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ सबंध व्हिएतनामसाठी बरा. तू अकाउंट्समध्ये आहेस, मार्चएंडिंगला साहेब सोडणार नाहीत, म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडेल. हरकत नाही. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्यात त्यांचं चांद्र नववर्ष, तेत, येतं. तेव्हा तिकिटं महागतात आणि दुकानं बंद असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मधल्या किनाऱ्यावर पूर येतात, नेमकी आपली दिवाळीची सुट्टी असते तेव्हा. एकूण काय, दिवाळी, नाताळ आणि मे महिना हे तीन काळ टाळलेस तर तिकिटात जी बचत होते ती कुठल्याच कूपननं होत नाही. मुलाच्या शाळेमुळे मे टाळता येत नसेल तर श्रीलंकेचा पूर्व किनारा बघ. आपल्याकडे पाऊस सुरू होतो तेव्हा त्रिंकोमालीला कोरडं असतं.

थायलंड आणि मलेशियानं २०२३च्या शेवटी आपल्याला व्हिसातून सूट दिली. पण अशा सवलती सरकारं देतात तशी काढूनही घेतात. म्हणून कुणाच्या स्टेटसवर विसंबू नकोस, तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या वकिलातीचं पान स्वतः वाच. दोन्ही देशांत जायच्या आधी एक डिजिटल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, ते फुकट असतं. त्याचे पैसे मागणारी साइट खोटी समज.

युरोप? जाशील की. पण पहिली खेप म्हणून नको. शेंगेन व्हिसाची फी २०२४च्या जूनपासून ९० युरो झाली, म्हणजे माणशी नऊ हजारांच्या वर, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क. नाकारला तर पैसे परत नाहीत. ते बँकेचं स्टेटमेंट मागतात, आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून दोन लाख आणून खात्यात टाकले तर ते त्यांना लगेच कळतं. महिन्याच्या महिन्याला नियमानं पडत गेलेली बचत तिथेही उपयोगी पडते. आधी आशियातल्या देशांचे शिक्के पासपोर्टवर पडू देत.

टूर कंपनीबरोबर जावं का, हे तू विचारलंस. आई-बाबांना पाठवायचं असेल तर जरूर. सकाळी पोहे, बरोबर मराठी बोलणारा टूर मॅनेजर, गोळ्या घेतल्या का विचारणारं कुणीतरी, याची किंमत त्या वयात द्यावी. तुम्ही दोघी-तिघी धडधाकट आहात, तुम्हाला त्याची गरज नाही. आणि पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस नावाचा कर कापतात. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत राहतो, पण तो काही वाया गेलेला पैसा नाही; आयकराचं विवरणपत्र भरलंस की करात वळता होतो किंवा परत मिळतो. कर लागत नाही म्हणून विवरणपत्र न भरणाऱ्या बायका हे पैसे सरकारला सोडून देतात. ऑफिसच्या एलटीएची, म्हणजे रजा प्रवासभत्त्याची, करसवलत मात्र यात धरू नकोस, ती भारतातल्याच प्रवासाला असते.

तिकिटाचं थोडक्यात. मंगळवारी रात्री स्वस्त मिळतं वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नाही. तीन-चार महिने आधी भाव बघायला लाग, आठवडाभर रोज बघितलंस की कुठला भाव बरा ते तुलाच कळेल. सगळ्यात स्वस्त दिसणाऱ्या तिकिटात बहुतेकदा सात किलोची हातातली बॅगच असते. मोठी बॅग, जेवण, खिडकीची जागा यांचे पैसे जोडून मगच तुलना कर. पहाटे तीनला उतरवणारं विमान दोन हजारांनी स्वस्त असेल, पण तेव्हा बस नसते, टॅक्सीला तेवढेच जातात आणि हॉटेलवाला दुपारपर्यंत खोली देत नाही.

कार्डाचंही बघून घे. आपलं साधं कार्ड परदेशात वापरलं की बहुतेक बँका साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतात. दहा हजार खर्चलेस की ४१३ रुपये नुसते असेच गेले. मार्कअप नसलेली कार्डं मिळतात, महिनाभर आधी चौकशी कर. दुकानातलं मशीन 'रुपयांत भरू की इथल्या चलनात?' असं विचारतं, तेव्हा रुपये बघून आपला जीव सुखावतो, पण तिथे दर वाईट लावतात. नेहमी तिथलंच चलन निवड. रोख न्यायची तर डॉलरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा घे, आणि विमानतळावर फक्त टॅक्सीपुरते बदल. नेपाळ, भूतान, श्रीलंकेत आता बऱ्याच ठिकाणी यूपीआय चालतं.

विमा टाळू नकोस. आठवड्याचा आशियाचा विमा एका साडीच्या ब्लाउजच्या शिलाईएवढ्या पैशांत येतो. तुझा थायरॉईड त्यात लिही, लपवू नकोस. आणि तिकडे सगळे स्कूटर भाड्यानं घेतात म्हणून तू घेऊ नकोस. तुझा परवाना तिथे ग्राह्य नसेल आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

सोबत कुणाला घ्यायचं यावरही खर्च ठरतो. दोघी असल्या की खोली निम्मी, टॅक्सी निम्मी. पण जिला रोज रात्री मॉल बघायचाय तिच्याबरोबर जाऊ नकोस, भलेही ती बालमैत्रीण असो. निघायच्या आधी सारखी रक्कम एकत्र काढा आणि एकीकडे द्या, खाणं आणि गाडी त्यातूनच. नाहीतर पाण्याच्या बाटलीचे पैसे कुणी दिले यावरून मैत्री तुटते. खाऊचं म्हणशील तर भडंग, दाण्याची चटणी, मेतकूट आणि तिखटमिठाच्या पुऱ्या पहिल्या दोन दिवसांपुरत्याच ने. आठवडाभर हॉटेलच्या किटलीत उपमा भिजवून खायचा असेल तर घरीच बरं की.

आणि येताना आणायच्या वस्तूंची यादी आधी कर आणि लहान ठेव. नणंद, जाऊ, आत्या, ऑफिस, शेजारी, कामवाल्या मावशी अशी माळ लागते. मावशींना आण, त्यांच्या भरवशावर तू घर सोडून जातेस. बाकीच्यांना एका मोठ्या पाकिटातली कॉफी वाटून टाक, व्हिएतनामची कॉफी चांगली असते.

घरच्यांचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण तीच खरी अडचण आहे हे मला माहीत आहे. 'एवढ्या पैशांत सोनं आलं असतं,' असं कुणीतरी म्हणणारच. सोन्याच्या भावात आता सत्तर हजारांत किती ग्रॅम येतं ते त्यांनीच मोजावं. तू वाद घालू नकोस. आरडी तुझ्या पगारातून जातेय, घरखर्चातला तुझा वाटा तू पूर्ण देतेस, मुलाच्या शाळेची फी वेळेवर जाते. यानंतर उरलेल्या निर्णयाला परवानगी लागत नाही, फक्त कळवावं लागतं. कधी जाणार, कोण बरोबर, घरात कोण राहणार, एवढं स्वच्छ सांग. नवरा येतो म्हणाला तर आनंदच आहे, फक्त त्याचे चार हजार त्याच्या पगारातून कापले जाऊ देत.

हे सगळं दीड वर्षावरचं झालं. आत्ताचं काम पासपोर्टचं आहे. साध्या ३६ पानांच्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, दहा वर्षं चालतो. तत्काळला वर दोन हजार लागतात, घाईच केली नाही तर ते कशाला द्यायचे? एजंटला तर एक रुपया देऊ नकोस, अर्ज सरकारी साइटवर तुला सहज भरता येईल, आणि फोटो ते केंद्रातच काढतात. आपल्या मराठी बायकांची एकच गोम असते, नाव. दहावीच्या सर्टिफिकेटवर बाबांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं, बँकेत तिसरंच काहीतरी. पासपोर्टवर जे नाव येईल तेच अक्षरन्‌अक्षर तिकिटावर लागतं, त्यामुळे कुठलं नाव ठेवायचं ते आधी ठरव आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घे. बहुतेक देशांना पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी शिल्लक लागते, तुझा नवाच असल्यानं ती चिंता नाही.

तर आज रात्री जेवणं झाली की दहावीचं सर्टिफिकेट, आधार, पॅन आणि मतदार ओळखपत्र चारही पलंगावर शेजारी शेजारी मांड आणि नावाचं स्पेलिंग बघ. एका अक्षराचाही फरक असेल तर उद्याच दुरुस्तीला टाक. त्याला वेळ लागतो, आणि आत्ता तुझ्याकडे वेळ आहे.